पाईपातला पांढरा दगड

पान्याला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. एरवी बायोगॅस प्रकल्पावर सगळे त्याला पाना म्हणत. त्याच्या मागच्या खिशात कायम लोखंडी पाना खोचलेला असे. बसलं की तो टोचे, म्हणून हा गृहस्थ सहसा बसतच नसे. लांबून बघणाऱ्याला वाटे, काय कामसू माणूस आहे! पान्याने हा गैरसमज कधी दूर केला नाही.

प्रकल्प शहराच्या टोकाला होता. हॉटेलांतलं उष्टं, बाजारातली सडकी भाजी, आसपासच्या गोठ्यांतलं शेण असं सगळं तिथे यायचं आणि मोठमोठ्या बंद टाक्यांत कुजत पडायचं. कुजताना जो गॅस निघे तो पाईपाने शेजारच्या कारखान्यात जाई. गॅसचं सगळ्यांना कौतुक होतं. त्याच्यासाठी फलक होता, मीटर होता, पाहुणे आले की त्यांना तोच दाखवत. पण गॅस निघून गेल्यावर टाकीत जे उरतं, तो काळपट पातळ रेंदा, त्याला स्लरी म्हणत आणि तो कोणाला दाखवत नसत. तो दुसऱ्या पाईपाने मागच्या तळ्यात जाई. गॅसचे पाईप तरुण फिटरांकडे होते. स्लरीचे पान्याकडे.

आता ही स्लरी नुसती वाहून गेली असती तर पान्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण वाहता वाहता ती पाईपाच्या आतल्या अंगाला एक पांढरा खडा धरायची. आधी साखरेसारखा थर, मग कवच, मग सरळ दगड. ज्या पाईपात हात जायचा त्यात वर्षभराने बोट जायची मारामार. पाना पाईप उघडी, छिन्नी लावून हातोडा घाली, खडे काढी, पाईप जोडी आणि पुढच्या पाईपाकडे जाई. शेवटचा पाईप साफ होईपर्यंत पहिला तुंबलेला असे. असं करता करता त्याचे केस पांढरे झाले आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर गेला.

पाना मुळात कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. त्याचं वैर एकट्या त्या खड्याशी. काम करताना तो खड्याशी बोलायचा. ते बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. काढलेले खडे तो शेडच्या मागे फेकून देई. तिथे गवत असं माजायचं की कमरेला लागायचं. मग ते कापायचं कामही पान्याच्याच गळ्यात पडे, आणि तो गवतालाही दोन शब्द ऐकवी.

घरी पाना वरच्या मजल्यावर राहायचा. खाली त्याचा थोरला भाऊ, दादा. दादाची रोपवाटिका होती आणि ती नेमकी प्रकल्पाच्या भिंतीला लागून, उताराच्या बाजूला. मिरची, टोमॅटो, वांगी, फुलझाडं, सगळ्यांची रोपं तयार करून तो विकत असे. रोपांच्या बाबतीत दादा फार हळवा होता. माणसांच्या बाबतीत तसा काही त्याचा आग्रह नव्हता.

एका वर्षी, ऐन हंगामाच्या तोंडावर, भिंतीजवळचा मोठा पाईप तुंबला. पाना एका टोकाकडून ठोकत होता आणि मागून पंपाचा दाब वाढत होता. वळणावरचं कोपर फुटलं. स्लरीचा लोंढा भिंतीवरून उडाला तो थेट दादाच्या वाफ्यांत. त्याच्याबरोबर कोबीच्या गड्ड्याएवढा एक पांढरा दगड उडाला, त्याने काचघराची एक काच फोडली आणि तो शेवंतीच्या कुंडीत जाऊन बसला. ताजी स्लरी जहाल असते. संध्याकाळपर्यंत रोपांनी माना टाकल्या.

पाना धावत भिंतीला वळसा घालून आला. दादा वाफ्याच्या कडेला उभा होता.

"हे काय आहे?" दादाने विचारलं.

पाना घाबरलेला होता. घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो. तो म्हणाला, "पाईप कंपनीचा आहे, दादा."

"आणि तू?"

"मी पण कंपनीचाच."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. दादा काही बोलला नाही. तो पुढे बरीच वर्षं काही बोलला नाही. कंपनीने रोपांची भरपाई दिली, काच बसवून दिली. त्या वाक्याची भरपाई देण्याची सोय कंपनीच्या नियमांत नव्हती. दादाने तो दगड कुंडीतून काढून धुतला आणि आपल्या टेबलावर बियाण्याच्या पाकिटांवर वजन म्हणून ठेवला. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचा, "पुरावा आहे."

एका घरात राहून न बोलणं हे वाटतं तितकं सोपं नाही. त्याला व्यवस्था लागते. ती वहिनीने लावली. खालचा नळ गळायला लागला की ती जिन्यात उभी राहून वरच्या दिशेने, कोणाचंही नाव न घेता, ओरडायची, "नळ गळतोय हो!" मग पाना खाली येऊन नळ दुरुस्त करी. दादा त्या वेळी खिडकीबाहेर बघत बसे. काम झालं की वहिनी विचारी, "चहा घेणार का भाऊजी?" पाना म्हणे, "नको." वहिनी तरी द्यायची. पाना प्यायचा. आणि दर हंगामात जिन्याच्या वरच्या पायरीवर फुलांच्या दोन कुंड्या आपोआप येऊन बसत. पान्याची बायको त्या गच्चीत ठेवी. "दादांनी दिल्यात," असं ती कधी म्हणाली नाही आणि पान्याने कधी विचारलं नाही.

दिवस असे चालले असताना प्रकल्पामागचं तळं भरलं.

ते एका दिवसात भरलं नव्हतं, पण सगळ्यांच्या लक्षात एका दिवसात आलं. आसपासचे शेतकरी खत म्हणून थोडी स्लरी न्यायचे. पण तिच्यात बहुतेक पाणीच. टँकर भरून लांबच्या शेतावर नेलं तर गॅसवर वाचवलेलं सगळं टँकरच्या डिझेलात जायचं. त्यात शेतांना ती वर्षभर लागत नाही आणि टाक्या मात्र वर्षभर चालतात. पाणी तळ्याच्या काठाला लागलं, वासाने शेजारच्या वस्तीने खिडक्या लावून घेतल्या, आणि नगरपालिकेने कळवलं की हंगाम संपायच्या आत तळं रिकामं दिसलं नाही तर प्रकल्पाला कुलूप.

कंपनीने वरच्या ऑफिसातून एक इंजिनिअर बाई पाठवल्या. बुटकी, शांत बाई. पायात मापापेक्षा मोठे गमबूट. पहिल्या दिवशी त्या तळ्याच्या काठावर उभं राहून बिस्किटं खात होत्या. तिथे कोणाला श्वास घेववत नसे आणि या बिस्किटं खातात, हे बघून मॅनेजर साहेबांचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

मग त्या पान्याकडे आल्या.

"काका, पाईपातून जे पांढरं निघतं ते मला बघायचंय."

पान्याने बादली दाखवली. त्यांनी खडा घेतला, नखाने खरवडला, उन्हात धरला.

"हे टाकता कुठे?"

"मागे. चला, दाखवतो."

शेडच्या मागे गवत पुन्हा कमरेएवढं झालं होतं. हिरवंगार, जाड, तुरे आलेलं.

"याला लाज नाही मॅडम," पाना म्हणाला. "कापलं की दुप्पट येतं. एवढे दगड टाकतो वर, तरी दबत नाही."

इंजिनिअर बाई बराच वेळ त्या गवताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फार हळू, आजाऱ्याला निदान सांगावं तसं सांगितलं, "काका, ते दगड म्हणजे खत आहे. झाडाला जे लागतं ते त्यात गच्च भरलंय. पाण्यात एकदम विरघळत नाही, हळूहळू सुटतं. म्हणून हे असं वाढलंय."

पाना गवताकडे बघू लागला. गवत वाऱ्यावर हललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो गवत न तुडवता, त्याला वळसा घालून परत निघाला.

बाईंची योजना साधी होती. तळ्यातली जुनी आणि टाक्यांतली नवी, सगळी स्लरी यंत्रात पिळायची. चोथा वेगळा, पाणी वेगळं. चोथा प्रकल्पातल्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाळवायचा आणि दाबून त्याच्या बोटभर लांबीच्या कांड्या करायच्या, लाकडासारख्या जाळायला. पिळून निघालेलं पाणी एका उंच, खाली निमुळत्या टाकीत घ्यायचं, त्यात खालून हवा सोडायची, मॅग्नेशियमचं मीठ घालायचं, आणि पाईपात जो खडा धरतो तो मुद्दाम त्या टाकीत धरायला लावायचा. राहिलेलं पाणी पुन्हा आत, नव्या कचऱ्यात कालवायला. खडा न काढता घेतलं तर पाईप पुन्हा तुंबणार.

"आणि ती टाकी तुम्ही सांभाळायची," त्या पान्याला म्हणाल्या.

पान्याला हे झोंबलं. "म्हणजे पाईपात जमलं की घाण आणि टाकीत जमलं की खत?"

"हो."

"मग फरक काय?"

"पाईपात आपल्याला नको असतं. टाकीत हवं असतं."

पान्याने यावर घरी जाऊन जेवतानाही विचार केला. "जन्मभर ज्याला हातोड्याने मारलं," तो बायकोला म्हणाला, "त्याला आता पाळायचं म्हणतात."

"मग पाळा," बायको म्हणाली. "मारून तर गेला नाही."

कामं सुरू झाली. जुने पाईप काढून गुळगुळीत प्लास्टिकचे टाकले. जुन्यांचा ढीग भंगारवाल्याला द्यायचा होता. पान्याने तो स्वतः उभा राहून ट्रकमध्ये चढवला. आत चिकटलेल्या खड्यासकट सगळा. ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा तो त्याला हात करणार होता, पण लोक बघत होते. आनंदाच्या भरात त्याने शेडचा कोपरान् कोपरा झाडून काढला. खड्याचा कण म्हणून प्रकल्पात ठेवला नाही.

मग टाकी भरली, हवा सोडली, मीठ घातलं आणि सगळे वाट बघत बसले.

खडा काही धरेना.

धरेना म्हणजे अगदीच धरेना असं नाही. पाणी पांढुरकं व्हायचं, पण जे तयार व्हायचं ते पिठासारखं, इतकं बारीक की पाण्याबरोबर वरून वाहून जायचं. टाकीच्या तळाशी उघडायला एक तोटी होती. पाना रोज ती उघडून खाली हात धरी. हातावर पाणी पडे. जो खडा इतकी वर्षं न बोलावता, सुट्टीच्या दिवशी, नव्या पाईपात, कुठेही यायचा, तो आता आवतण देऊन, मीठ घालून, हवा घालूनसुद्धा येईना. पान्याला हा अपमान वाटला. तो टाकीशी बोलू लागला. सुरुवातीला गोड.

बाईंनी सगळं मोजून पाहिलं, मीठ कमीजास्त केलं, हवा कमीजास्त केली. शेवटी म्हणाल्या, "याला बियाणं हवं. जुन्या खड्याची भुकटी टाकली की नवीन थर त्याच्यावर बसेल, दाणा जड होईल आणि खाली राहील. विरजण लावतात तसं."

"विरजण," पाना म्हणाला.

"हो. तुमच्याकडे होते ना बादलीभर? द्या आणून."

पान्याने मान खाली घातली. बादली धुऊन पालथी घातलेली होती. मागच्या गवतात शोधून पाहिलं, तिथे गवताने आणि पावसांनी मिळून काही शिल्लक ठेवलं नव्हतं. भंगारवाल्याकडे निरोप गेला, तर पाईप केव्हाच वितळले होते. दुसऱ्या प्रकल्पाकडून मागवायचं तर पत्रव्यवहार, परवानग्या, आणि नगरपालिकेचे लोक तर पंधरवड्यात येणार होते.

"कुठेच नाही का एखादा?" बाईंनी विचारलं.

पाना म्हणाला, "एक आहे." मग म्हणाला, "पण तो कठीण आहे."

"कठीणच असतो तो. आपण कुटू."

"दगड नाही मॅडम. मालक कठीण आहे."

त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरळ खाली जा आणि मागा."

"काय म्हणून मागू?"

"दगड दे म्हणा."

"वहिनीमार्फत निरोप..."

"अहो, वहिनी माहेरी गेल्यात चार दिवस."

व्यवस्था कोलमडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना रोपवाटिकेत गेला. दादा काचघरात झारीने मिरचीच्या रोपांना पाणी घालत होता. पाना दारात उभा राहिला आणि खोकला.

दादाने वर पाहिलं नाही. तो मिरचीच्या रोपाला म्हणाला, "कोणीतरी आलंय."

मिरचीने उत्तर दिलं नाही. पान्याला द्यावं लागलं.

"तो दगड पाहिजे होता."

झारीची धार तशीच चालू राहिली. एक ओळ संपली. मग दादा म्हणाला, "कोणता?"

"टेबलावरचा."

"कशाला?"

"कुटायला."

"माझा पुरावा कुटणार?"

"त्याचं बियाणं करायचंय."

या शब्दासरशी दादाने झारी खाली ठेवली. बियाणं या विषयावर तो शत्रूशीही बोलला असता. "दगडाचं बियाणं?"

"हो."

"उगवतं?"

"मॅडम म्हणतात उगवतं."

"पाणी कोमट लागतं की गार?"

"मुद्दाम तापवत नाहीत. टाकीतून येतं तसं घेतात."

"किती बारीक कुटायचं?"

"ते विचारलं नाही."

"विचारायला नको?" दादा चिडून म्हणाला. "बियाणं करायला निघालास आणि माप माहीत नाही!" मग त्याच्या लक्षात आलं असावं की आपण बोलतो आहोत. त्याने पुन्हा झारी उचलली. ती रिकामी होती. तरी त्याने ती एका रोपावर धरली. "तो दगड माझा आहे," तो म्हणाला.

पान्याच्या तोंडात कंपनी हा शब्द आला होता, पण त्याने तो गिळला. "तुझाच आहे," तो म्हणाला. "म्हणून तर मागायला आलो." थोडं थांबून म्हणाला, "दादा, त्या दिवशीचं ते..."

"कोणत्या दिवशीचं?"

"तेच."

"हं," दादा म्हणाला.

इतकंच झालं. पान्याची बायको नंतर म्हणाली की एवढ्यासाठी दोन बायकांनी इतकी वर्षं जिना झिजवला.

दादाने दगड पान्याच्या हातात दिला नाही. "मी येतो," म्हणून तो स्वतः पोटाशी धरून निघाला. दुसऱ्या हातात बियाण्याची चाळणी घेतली. फाटकावर चौकीदाराने विचारलं, "काय आहे हे?" दादा म्हणाला, "बियाणं." चौकीदाराने दगडाकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. भिंतीला भिंत लागून असूनही दादाने प्रकल्पात पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ होती. तो सगळीकडे बघत होता आणि काहीच आवडलं नाही असा चेहरा करून चालत होता.

इंजिनिअर बाईंना वाटलं गिऱ्हाईक आलं. पाना म्हणाला, "हा माझा मोठा भाऊ. हा दगड त्याचा आहे."

"फार चांगला आहे हो दगड," बाई मनापासून म्हणाल्या. दादाला हे अनपेक्षित होतं. त्या दगडाला आजवर कोणी चांगला म्हटलं नव्हतं.

कुटायच्या आधी पान्याने हातोडा दादाच्या पुढे धरला. "पहिला घाव तू घाल."

दादाने घातला. दगडाला काही झालं नाही.

"असं नाही, तिरका," पाना म्हणाला. या एकाच विषयात तो थोरल्याला शिकवू शकत होता आणि त्याने ती संधी सोडली नाही. तिरका घाव बसला, दगड दुभंगला, आत रेषा रेषा दिसल्या. एकेका रेषेत एकेका महिन्याची स्लरी. दोघांनी मिळून तो कुटला. दादाने चाळला. बाईंनी किती बारीक हवा ते सांगितलं, दादाने ते आपल्या चाळणीच्या भोकांशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे कोबीच्या बीएवढा." बाई म्हणाल्या, "त्याहून बारीक." दादा म्हणाला, "मग खसखशीएवढा." बाई म्हणाल्या, "बरोबर." दोघांचंही समाधान झालं. भुकटी आधी छोट्या पिंपात टाकून वाढवली, मग तिथला माल मोठ्या टाकीत टाकला.

त्या दिवसांत दादा सकाळी रोपांना पाणी घातलं की प्रकल्पावर येऊ लागला. "बियाणं माझं आहे," एवढंच कारण सांगायचा. एका सकाळी पान्याने तोटी उघडली आणि हातावर काहीतरी खरखरीत पडलं. जाड मिठासारखे पांढरे दाणे. मूठ भरली, ओंजळ भरली, तरी येतच राहिले. पान्याचा दुसरा हात सवयीने हातोड्याकडे गेला. मग तो मध्येच थांबला आणि त्याने तो हातही खाली धरला.

"आले," तो म्हणाला.

दादाने एक दाणा चिमटीत धरून दाताखाली घातला आणि लगेच थुंकला. "खत आहे की नाही ते झाड सांगेल," तो म्हणाला.

त्याने एक पिशवी नेली, पण आपल्या चांगल्या रोपांना घातलं नाही. काचघराच्या अगदी कोपऱ्यात वांग्याचा एक ट्रे होता, त्याला दादाने जवळजवळ नाकारलेलं होतं. तिथे घातलं. काही आठवड्यांनी तो ट्रे कोपऱ्यातून उचलून पुढे, गिऱ्हाइकांच्या नजरेत येईल असा ठेवलेला दिसला. कौतुकाचा शब्द दादाने काढला नाही. जिन्यातून वरच्या दिशेने वहिनीचा आवाज मात्र आला, "एक पोतं पाठवायला सांगितलंय हो!" आणि लगेच मागून दादाचा आवाज आला, "तू कशाला ओरडतेस? मी सांगतो." मग तोच ओरडला.

कांड्यांचंही सहज जमलं नाही. चोथा पुरता वाळला नव्हता आणि मॅनेजर साहेबांना घाई. पहिल्या कांड्या ओल्या खडूसारख्या. हात लावला की तुटायच्या. तरी साहेबांनी हौसेने आपल्या ऑफिसातल्या शेगडीत त्या पेटवून पाहिल्या. ज्वाळा दिसली नाही. धूर मात्र असा झाला की साहेब खुर्चीसकट बाहेर आले. खुर्ची का आणली, हे त्यांना सांगता आलं नाही. बाईंनी वाळवणीचा पट्टा लांब केला, चोथा दुप्पट वेळ फिरवला. दुसऱ्या वेळच्या कांड्या कडक, चकचकीत. आपटल्या तर टणटण वाजायच्या. त्या पेटल्या तेव्हा साहेबांनी आधी दार उघडून ठेवलं होतं, पण गरज पडली नाही.

नगरपालिकेचे लोक आले त्या दिवशी तळ्याचा तळ दिसत होता. तळाशी एक गमबूट, एक टोपलं आणि पान्याची हरवलेली शिडी निघाली. त्या शिडीवरून त्याने पूर्वी दोन चौकीदारांवर आळ घेतला होता. त्यातला एक निवृत्त झाला होता. पाना पुढच्या सुट्टीला त्याच्या घरी जाऊन आला. काय बोलला कोण जाणे, पण येताना त्या चौकीदाराने त्याला पेरू दिले.

प्रकल्पाला कुलूप लागलं नाही. पण पान्याला मनात धाकधूक होती. पाईप तुंबायचे थांबले होते, आणि न तुंबणाऱ्या पाईपांना फिटर कशाला लागतो? त्याने हे बाईंना एकदा भीत भीत विचारलं.

"टाकी कोण बघणार मग?" बाई म्हणाल्या. "मला तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे जायचंय."

त्या गेल्या. जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, तळ्याचाही घेतला. पान्याला त्यांनी टाकीचं सगळं नीट समजावून दिलं. पान्याने ते दोनदा विचारलं, कारण पहिल्या वेळी त्याचं लक्ष नव्हतं. त्या जाणार याचं त्याला वाईट वाटत होतं. आता त्याचं काम टाकीच्या काचेतून दाणे बघायचं, मीठ घालायचं, तोटी उघडायची. बसून करायचं काम. दोन-चार दिवस टोचून घेतल्यावर त्याने मागच्या खिशातला पाना काढून भिंतीवर टांगला. लोक म्हणू लागले, हा आता आळशी झाला. पान्याने हाही गैरसमज दूर केला नाही. खांद्याचं दुखणं राहिलं ते राहिलंच. डॉक्टर म्हणाले, आता ते तुमच्याबरोबरच जाणार. पाना म्हणाला, बरं.

त्या वर्षी थंडी कडक पडली. दादा दर थंडीत काचघरातल्या बॉयलरमध्ये लाकूड जाळून रोपांना ऊब द्यायचा. या वेळी त्याने कांड्या घेतल्या. पहिल्या दिवशी दोघे भाऊ बॉयलरसमोर उभे राहून किती घालायच्या यावर भांडले. पान्याचं म्हणणं थोड्या जास्त. दादाचं म्हणणं, तुला प्रत्येक गोष्ट थोडी जास्तच लागते. हे भांडण आठवडाभर पुरलं. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं आता निघत होतं. दोघांच्या बायका म्हणू लागल्या की बोलत नव्हते तेच बरं होतं, निदान जेवण वेळेवर व्हायचं.

एका संध्याकाळी पान्याची बायको ताट घेऊन जिना उतरली. "वर हात गारठतात," ती म्हणाली. "रोपांना ऊब आणि आम्हाला दुलई, हा कुठला न्याय?" ती सरळ काचघरात गेली, एक खोकं उलटं घातलं आणि त्यावर ताट मांडून बसली. वहिनीने तिचंही ताट आणलं. मग दोघा भावांनाही जावं लागलं, कारण भाजी बायकांकडे होती.

काचांवर वाफ धरली होती. आत कोवळ्या पानांचा आणि ओल्या मातीचा वास होता. मिरचीच्या दोन रांगांमध्ये चौघं गुडघे आवळून बसले. बॉयलर मंद घरघरत होता. पान्याला फार बरं वाटत होतं. हे सांगावं असंही त्याला वाटलं. त्याने घसा साफ केला आणि पाय जरा लांब केला.

"पाय सांभाळ," दादा म्हणाला. "मागे ट्रे आहे."